माझे टाके घट्ट का येतात

१३ नोव्हेंबर १९९४, रविवार
मी कोणावरही जळत नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

आज दुपारी हिने लक्ष्मीकांतच्या छातीचं माप घेतलं. आमच्याच अंगणात, दिवसाढवळ्या, टेप लावून. लक्ष्मीकांत म्हणजे वरच्या क्वार्टरमधला पोरगा. चोवीस वर्षांचा, अकोल्याचा, ऑगस्टमध्ये रेल्वेत, माझ्याच लॅबमध्ये लागला. लखनौची थंडी म्हणजे काय हे अकोल्याच्या माणसाला कोण सांगणार? एका शालीवर आलाय. म्हणून ही त्याला स्वेटर विणणार. मरून रंगाचा, व्ही गळ्याचा.

मी सहज विचारलं, माप नजरेने घेता येत नाही का? ही म्हणाली, नजरेने घेतलं तर तुम्हाला जास्त राग येईल.

१५ नोव्हेंबर, मंगळवार
लॅबमध्ये मला सर म्हणतो, घरी काका. ते ठीक. पण हिला काकू म्हणताना शेवटचा कू लांबवतो. मी ऐकलंय.

हिला विचारलं, बाई गं, मला कधी स्वेटर विणावासा नाही वाटला? तर म्हणे, दोन वर्षांमागे विचारलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, हातच्या वस्तूला स्टँडर्ड नसतं, बाजारातून आण. आता म्हणालोही असेन. ते तत्त्वाबद्दल होतं, माझ्याबद्दल नव्हतं. बायकोला एवढा फरक कळू नये?

वाईट वाटलं. झोपायच्या आधी दोन पेढे खाल्ले.

१९ नोव्हेंबर, शनिवार
निर्णय झाला. स्वतः विणणार. विणकाम म्हणजे काय, दोन काड्या आणि एक दोरा. मी पुलांचे गर्डर तपासलेला माणूस आहे. या कलेचं अवडंबर बायकांनी उगाच माजवलंय, ते एकदा कळू दे सगळ्यांना.

रिक्षाने अमीनाबादच्या बाजारात गेलो. फुटपाथवर पुस्तक मिळालं. हिंदी, नवशिक्यांसाठी, कव्हरवर हसणारी बाई. मग लोकर, नेव्ही ब्लू. मरूनपेक्षा भारदस्त. दुकानदाराने विचारलं, भाभीजी के लिए? म्हटलं हो. सुया घेताना पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, भाभीजी का हाथ टाइट है कि ढीला? हा काय प्रश्न झाला? म्हटलं, टाइट.

टार्गेट: २६ जानेवारी. झेंडावंदनाला माझा स्वेटर घालून लक्ष्मीकांतच्या शेजारी उभा राहणार. लोक विचारतील कोणी विणला. मी नुसता हसेन.

२० नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११
मागच्या खोलीत कडी लावून बसलो. बाहेर सांगितलंय, टेक्निकल पेपर लिहितोय.

धडा पहिला: टाके घालणे. चित्रातल्या बाईला तीन हात आहेत. मला दोनच असल्यामुळे वेळ लागतोय.

दुपारी १
अठ्ठावीस टाके घातले, सत्तावीस राहिले. सुया ॲल्युमिनियमच्या, खाली पडल्या की ठणठण वाजतात. देविका दाराशी येऊन गेली. आमची मुलगी मराठी समजते सगळं, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, बाबा, पेपर लिख रहे हो कि कुश्ती चल रही है? सतरा वर्षांच्या मुलीने बापाशी असं बोलावं! आईचं वळण.

पुस्तकात म्हटलंय, आधी तळहाताएवढा नमुना विणून टाके मोजा, मगच स्वेटरला हात घाला. नमुना नवशिक्यांसाठी असतो. मी ग्राफ पेपरवर हिशेब केला. एकशे दहा टाके.

सुया, लोकर, पुस्तक कूलरच्या पोटात लपवलं. नोव्हेंबरात कूलर कोण उघडतं?

२७ नोव्हेंबर, रविवार
चार बोटं झाली! उलट-सुलट, उलट-सुलट. मस्त जमतंय. मनात आणलं तर माणूस काय करू शकत नाही?

संध्याकाळी लक्ष्मीकांत जेवायला. भरली वांगी केली होती. मला वांगी आवडतात हे हिला बावीस वर्षं माहीत आहे, पण वांगी आज आली. जेवून झाल्यावरही तो हलेना. ही आणि तो हॉलमध्ये कसलं तरी खुसखुस हसत बसले. मी डोकं दुखतंय म्हणून उठलो आणि मागच्या खोलीत चार ओळी विणल्या. शेवटच्या ओळीत सुई टाक्यात शिरेना. पकडीने ओढली. लोकर हलकी दिली त्या दुकानदाराने.

४ डिसेंबर, रविवार
विणलेलं अरुंद होतंय. खाली दोन वीत, वर दीड. टाके तेवढेच आहेत, मोजले. विचार केला, कारण सापडलं: थंडी. रूळ आकुंचन पावतो, तशी लोकरही पावत असणार. मेमध्ये आपोआप मापात येईल. काळजीचं कारण नाही.

लक्ष्मीकांत आज परत आला होता. या आठवड्यात तिसऱ्यांदा.

८ डिसेंबर, गुरुवार
आज ट्रायल. माझी नाही. हिने मरून स्वेटरची पाठ त्या पोराच्या पाठीला लावून बघितली. तो दोनदा गोल फिरला. शेजारच्या सरोजभाभी आल्या होत्या. त्या इथल्याच, लखनौच्या. कॉलनीतला एकही स्वेटर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय अंगावर चढत नाही. म्हणाल्या, भई वाह लतिका, क्या फिटिंग है! मी तिथेच पेपर वाचत होतो. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. पेपर उलटा होता हे पोराने मात्र बघितलं, आणि सांगितलंही.

नंतर नऊ ओळी विणल्या. पुठ्ठ्यासारख्या आल्यात. मजबुतीला तोड नाही.

१७ डिसेंबर, शनिवार
लक्ष्मीकांत चार दिवस रजेवर, अकोल्याला गेलाय. घर शांत. या चार दिवसांत भराभर विणलं, आणि काय आश्चर्य, रुंदी आपोआप वाढली. थंडी मात्र वाढलीच आहे. थिअरीत थोडी दुरुस्ती लागेल.

एक टाका सुटून खालपर्यंत गेला. आता तिथे शिडी आहे. पुस्तक म्हणतं, चूक झाली की उसवा. मी उसवत नाही. हवा खेळती राहील.

२४ डिसेंबर, शनिवार
पाठ पूर्ण! भिंतीला टेकवली तर आपली आपण उभी राहते. आकार सांगायचा तर खाली रुंद, मग अरुंद, थोडी रुंद, फार अरुंद, परत रुंद, आणि तो पोरगा परत आल्यापासून पुन्हा अरुंद. मुंग्यांनी वारूळ बांधावं तशी दिसते. पण पूर्ण आहे.

पुढचा भाग, दोन बाह्या आणि गळा राहिलाय. सव्वीस जानेवारी कठीण दिसते. पंधरा ऑगस्ट जास्त योग्य.

२५ डिसेंबर, रविवार
झोप नीट लागली नाही, पण काय सुंदर विचार सुचला! स्वेटर पुरा करायची गरजच काय? एवढा तुकडा पुरे. लखनौत बाई पुरुषाला स्वेटर विणते म्हणजे त्याला अर्थ असतो, हे सरोजभाभीच सांगतात. हा तुकडा हिला माझ्या सामानात सापडला पाहिजे. बसू दे विचार करत, कोण विणतंय आमच्या ह्यांना? मग कळेल, पोटात दुखणं म्हणजे काय.

बाईचं नाव लागेल. अकाउंट्समधल्या कल्पना चालतील. त्या मला ओळखत नाहीत, पण त्याने काही बिघडत नाही.

२८ डिसेंबर, बुधवार
तुकडा डब्याच्या पिशवीत ठेवला. पिशवी ही रोज उघडते. उघडली. डबा धुतला. तुकडा घडी करून परत ठेवला. एक शब्द नाही! मनातून हादरली असणार. बोलता येत नसेल बिचारीला.

३० डिसेंबर, शुक्रवार
आज उशीवरच ठेवला. शेवटी विचारलं, हे कोण विणतंय? मी आधी सुस्कारा टाकला, मग म्हटलं, ऑफिसात आहे एक. नाव विचारलं. कल्पना, म्हटलं, आणि खिडकीबाहेर बघितलं. आयुष्यात इतका छान अभिनय मी केला नव्हता.

हिने चष्मा लावला. तुकडा उजेडात धरला. मी हिच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसलो, आता जळेल, मग जळेल. तर म्हणाली, अगं बाई, बिचारी!

मग बोट फिरवत सांगायला लागली. इथे हिचा हात सैल आहे, मन शांत आहे. इथे बघा, दात-ओठ खाल्लेत. इथे परत. आणि ह्या नऊ ओळी तर रडत विणल्यासारख्या आहेत. ही बाई कोणावर तरी सारखी जळतेय हो. जळणाऱ्या माणसाने विणू नये, टाके आवळतात. रविवारी आम्ही बायका अंगणात विणायला बसतो, तिला उन्हात घेऊन या, मी हात सैल करून देते.

असं म्हणून जिरं निवडायला बसली.

३१ डिसेंबर, शनिवार
सकाळी सांगितलं, कल्पनाला ताप आहे. येऊ शकणार नाही.

ही म्हणाली, मग निदान कूलरमधल्या सुया तरी घेऊन या.

हिला सगळं माहीत होतं, वीस नोव्हेंबरपासून! म्हणे, कुठला टेक्निकल पेपर पडल्यावर ठणठण वाजतो? आणि मग हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, भिंतीला धरून. इतकी हसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. देविका आली, तिला सांगितलं, तीही हसली. मग सरोजभाभींचा हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून आला, म्हणजे तिकडेही पोचलं. हात दाखवून अवलक्षण!

सगळं झाल्यावर मी एकच विचारलं. कल्पनाचं नाव ऐकून एक मिनिटभर तरी वाटलं का काही? खरं सांग.

नाही हो, म्हणाली. एक सेकंदही नाही. आणि कणीक मळायला लागली.

बाकीचं सगळं मी सोसलं असतं. तेवढं लागलं.

१ जानेवारी १९९५, रविवार
नवीन वर्ष. अंगणात ऊन छान होतं. चटईवर हिच्यासकट पाच बायका, मधे शेंगांची टरफलं, आणि मी. कोणी हसलं नाही. हसू आवरणाऱ्या बायकांमध्ये बसणं जास्त वाईट. सरोजभाभींनी माझी पाठ हातात घेऊन उलटीपालटी केली आणि अदबीने एवढंच म्हणाल्या, भाईसाहब, धागा बहुत मज़बूत लाए हैं.

मला वाटलं ही शिकवेल. मी जागाही करून ठेवली होती शेजारी. तर म्हणाली, नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला काही शिकवू नये. तुम्ही मला स्कूटर शिकवलीत तेव्हाच ते कळलं. सरोजभाभींच्या हाताखाली शिकायला आधीच कॉलनीतल्या दोन सुना होत्या. मग मला शिकवणार कोण?

जिन्यावरून लक्ष्मीकांत उतरला. मरून स्वेटर घालून. हातात स्वतःचं विणकाम, आईसाठी मफलर, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. संध्याकाळी हॉलमध्ये जे खुसखुस चालायचं ते हे. काकूंनी शिकवलं म्हणाला. एकही टाका आवळलेला नाही. मी शोधला.

माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि माझी दोन्ही मनगटं धरली. सगळ्यांच्या देखत. काका, हात सैल सोडा. सोडले, तर दोन्ही सुया पडल्या. काका, श्वास घ्या. घेतला. काका, इतकं रागाने नका बघू, सुईकडे बघा. तासाभराने एक ओळ आली. सरळ, मऊ, एका रुंदीची. खरोखर बरी होती. मी ती वर धरली, हिला दिसेल अशी.

हिने मान वर केली, चष्म्यातून नीट बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, शाबास रे लक्ष्मीकांत!