टाकीतला जांभळा भोवरा

शनिवार, संध्याकाळ

सरांच्या गौरवासाठी देशभरातून प्रवाहशास्त्राची माणसं आलीत. प्रत्येकाच्या हातातल्या स्मरणिकेवर मी सरांची विद्यार्थिनी असताना काढलेला फोटो आहे, प्रयोगशाळेच्या टाकीतल्या जांभळ्या भोवऱ्याचा. सरांचं नाव झालं ते या भोवऱ्यामुळंच.

टाकी भरली की पाणी रात्रभर स्थिर होऊ द्यायचं, मगच रंग सोडायचा, हा सरांचा नियम. फोटोच्या दिवशी मी थांबलेच नाही. ईदला वैजापूरला जायची घाई! तासाभरात रंग सोडला. तो भोवरा नुसता पाणी भरताना उठलेल्या खळबळीचाच असला तर? इतकी वर्षं गप्प राहिले.

आज सांगायचंच म्हणून शाल पांघरलेल्या सरांपुढं गेले. "सर, तो भोवरा..."

ते हसले. "नसरीन, त्या दिवशी वैजापूरची एसटी मिळाली होती ना?"

म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. आणि उद्या त्याच भोवऱ्यावर मला बोलायचंय, सर समोर बसलेले असताना.