चौथं पत्र जावईबापूंना वाचू देऊ नकोस

धाकटीस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

चष्मा शोधू नकोस, तो तुझ्या कपाळावर आहे. (नसला तर साखरेच्या डब्यात बघ. मागच्या खेपेला तिथंच सापडला होता, आणि तू दोन दिवस मांजरावर आळ घेत होतीस.) सापडला की नाकावर चढव, दाराला कडी लाव आणि हे पत्र एकटीनं वाच. तू शाळेत गेलीस आणि मी गेले नाही, त्याचा आज मला पहिल्यांदा फायदा होऊ दे. मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. अक्षर तिचं, अक्कल माझी. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, माझा उजवा गुडघा तेवढा सोडून. तुझा दमा कसा आहे? आणि तुझ्या जावईबापूंचा घसा? (घशाचं मुद्दाम विचारते आहे, का ते पुढे कळेल.)

कामाचं आधी सांगून टाकते, नाहीतर तू शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरशील. माझे चार ईमेल तुमच्याकडे एकदम येऊन पडले असतील. जावईबापू ते नेहमीप्रमाणे रविवारी जेवणं झाल्यावर, सगळ्यांना ओळीनं बसवून, स्वतः उभं राहून वाचतील. पहिले तीन वाचू देत. चौथा सुरू व्हायच्या आत मात्र काहीही कर, चक्कर आल्याचं सोंग कर, (लहानपणी भांडी घासायची वेळ झाली की तुला फार छान जमायचं,) पण तो चारचौघांत वाचला जाता कामा नये. कुठला चौथा हे ओळखायची खूण सांगते: सगळ्यांत लांबलचक असेल तोच. कुरियरवाला म्हणाला, हे पत्र शुक्रवारी पोचेल. त्याच्या तोंडात साखर पडो. फोन करून सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तू कबूल करत नाहीस, आणि तुझ्याऐवजी फोन घेतात ते जावईबापूच.

आता हे झालं कसं ते ऐक. आमच्या चिरंजीवांना जगाचं चालतं ते चालत नाही हे तुला माहीत आहे. सगळं जग फुकटचा ईमेल वापरतं, पण यांच्या डोक्यात आलं की त्या मोठ्या कंपन्या आपली पत्रं उघडून वाचतात, तेव्हा आपलं स्वतःचं टपाल खातं हवं. (मी म्हटलं, वाचेनात का, तेवढीच त्यांची करमणूक.) तर त्यानं एक मशीन भाड्यानं घेतलं. मी माझी खुर्ची खिडकीकडे सरकवून कोपरा रिकामा करून ठेवला. मशीन काही येईना. विचारलं तर म्हणे, आई, ते येत नसतं, ते व्हर्च्युअल मशीन आहे. म्हणजे काय? म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या मशीनच्या पोटात एक तुकडा आखून देतात आणि त्यालाच अख्खं मशीन मानायचं. म्हटलं, भातुकलीतलं? नाही म्हणे, काम खरं करतं. आणि भाडं? तेही खरंच. मी म्हटलं, मग ते तरी मानलेलं द्यायचं होतंस! सूनबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. (आत्ता हे लिहितानाही हसते आहे, ओळ वाकडी आली असेल तर समजून घे.)

टपाल खातं सुरू झालं. पहिलं पत्र मी नातीकडून लिहवून चार पावलांवरच्या सूनबाईला पाठवलं, चहा टाक म्हणून. पोचलं! चहा आला! नातीनं टाळ्या वाजवल्या, चिरंजीव आठवडाभर छाती काढून फिरत होते. मग मी तुला पहिलं पत्र सांगितलं: हाडांचे डॉक्टर गुडघा बदलायचा म्हणतात, तू महिनाभर येऊन राहा. उत्तर नाही. उलट तुझंच पत्र आलं, ताई, बऱ्याच दिवसांत काही कळवलं नाहीस. मी म्हटलं, झालं, वाचलं आणि विसरली. लहान मुलाला सांगावं तसं समजावून दुसरं धाडलं. तर तुझं आलं, ताई, रागावलीस का? मग तिसरं जरा मिरी घालून धाडलं. त्यावर तुझं दीड ओळीचं उत्तर, ताई, जिवंत आहेस ना? तीन पत्रं गिळून बसलेली बाई मलाच विचारते, जिवंत आहेस ना! तूच सांग, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?

मी चौथं पत्र सांगितलं. खुर्चीत बसून सुरुवात केली, शेवट उभ्यानं केला. गुडघ्याचंही भान राहिलं नाही. तुझा संत्र्याचा मुरंबा कडू लागतो, आजवर तो आम्ही खिडकीची फट बुजवायला वापरला, असं सांगितलं. जावईबापू एका वाक्याला तीनदा घसा खाकरतात, त्यामुळे माझं निम्मं पत्र खाकरण्यातच वाहून जातं, असं सांगितलं. (आता डोळ्यांसमोर आण, हेच वाक्य ते खाकरत खाकरत वाचताहेत!) आणि शेवटी, माझ्या गुडघ्याला तुझी गरज नाही, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस, असंही सांगितलं. पोटभर सांगितलं. सूनबाईची बोटं मात्र त्या दिवशी कशी पटकन थांबली कोण जाणे. म्हटलं, टायपिंग सुधारलं हिचं.

पण रुसलेली मी एकटी नव्हते बरं का. घरातला प्रत्येकजण कुणा ना कुणावर रुसून बसला होता. सूनबाई माहेरावर, वाढदिवसाच्या पत्राला उत्तर नाही म्हणून. नात मैत्रिणीवर. आणि चिरंजीव साहेबांवर, कारण पगार वाढवा असं कडक पत्र धाडून ते रोज साहेबांकडे सूचक बघत होते, आणि साहेब आपले हवापाण्याचं बोलत होते. शेवटी जिन्यात साहेबच म्हणाले, काय हो, हल्ली तुमचं एक पत्र येत नाही! चिरंजीव चेहरा पाडून घरी आले आणि चपला न काढताच मशीनसमोर बसले.

ते बसले ते बसलेच. आधी पासवर्ड बदलला. मग फायरवॉल नावाची भिंत असते, ती चाचपली. मग मशीन बंद करून चालू केलं. (मुळात नसलेलं मशीन बंद कसं करतात विचारलं, तर आई, जरा थांब.) दर खेपेला ते सूनबाईला पत्र धाडत, ते लगेच पोचे, आणि ते ओरडत, बघ, जातंय की! शेवटी सूनबाई कंटाळून म्हणाली, अहो, उशीखाली ठेवलेली चिठ्ठी उशीखालीच सापडली तर ते काय टपाल झालं? माझं खातं त्याच मशीनवर आहे. बाहेर कुणाला तरी धाडा. धाडलं ऑफिसच्या पत्त्यावर. नाही पोचलं. मग चिरंजीवांनी काहीतरी टाइप केलं आणि पडदाभर ओळी उमटल्या. आमची सगळी पत्रं, अगं, पहिल्या दिवसापासूनची, दाराशी रांग लावून उभी! कंपनी बाहेर जायचं टपालाचं दार बंदच ठेवते म्हणे, त्याला पंचवीस नंबरचा पोर्ट म्हणतात, भामट्यांनी तिथून कचरा पाठवू नये म्हणून. पत्र पोचलं नाही तर मशीन तसं कळवून परत देतं, पण आमच्या दीडशहाण्यानं त्याला बजावून ठेवलं होतं, हार मानायची नाही, प्रयत्न करत राहा. बापावर गेलाय.

गंमत पुढेच आहे. चिरंजीवांनी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं, दार ताबडतोब उघडा. दोन दिवस झाले, उत्तर नाही. चिरंजीव येरझाऱ्या घालत कंपनीचा उद्धार करताहेत, माणसांना रीतभात राहिली नाही, निदान पोच तरी द्यावी! सूनबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, कुठून धाडलंत पत्र? धाकटे, चिरंजीव चालता चालता जागीच थांबले. मग मी हसायला लागले, मग ती, मग नात, आणि शेवटी स्वतः चिरंजीवही, भिंतीला टेकून, डोळे पुसत. माझा गुडघा त्या पाच मिनिटांत एकदासुद्धा दुखला नाही.

मग रीतसर दुसऱ्या पत्त्यावरून विचारलं. कंपनी म्हणाली, ते दार आम्ही कुणालाच उघडत नाही, शेजारच्या दारानं जा, नावनिशी आणि पासवर्ड दाखवून एखाद्या मोठ्या टपालवाल्याच्या हाती द्या, तो पोचवेल. (म्हणजे फिरून त्या फुकटवाल्यांच्याच पायाशी!) तसं केलं. बटण दाबलं, आणि रांग भराभर सुटली. साहेबांचं गेलं, माहेरचं गेलं, तुझं पहिलं, दुसरं, तिसरं गेलं. मी टाळ्या वाजवत होते. आणि हात जागच्या जागी थांबले. चौथं!

म्हणून हा खटाटोप. या खेपेला तू काही विसरली नव्हतीस, हे मी एकदाच लिहून देते, पुन्हा मागायचं नाही.

तुझी थोरली

ताजा कलम: डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, ती मी दोनदा पुढे ढकलली. घरात सांगितलं, सर्दी झाली आहे. सर्दीबिर्दी काही नाही. नसलेल्या मशीनला पत्रं पोचवता येतात, पण तू बाहेर बाकावर बसलेली नसशील तर मला त्या टेबलावर चढता येणार नाही. ये.

(मावशी, एवढं माझं. सगळ्यांत लांब पत्र शोधत बसू नका. चौथं दोनच ओळींचं आहे: तुझी फार आठवण येते, लवकर ये. बाकीचं मी ऐकलं, लिहिलं नाही. खुशाल वाचू द्या सगळ्यांसमोर. तुमची सूनबाई)

आणखी एक: मी गप्प होते आणि सूनबाईचं पेन चालत होतं. विचारलं तर म्हणते, शाई उतरते का बघत होते. चार ओळी शाई बघत होती! मला अक्षर येत नसेल, पण पेन चाललं की दिसतं, आणि बोटं थांबली की तेही दिसतं. आत्ता कान लाल झालेत तिचे. तिनं काय लिहिलंय ते मला कळवू नकोस. फक्त ये, आणि निघायला उशीर होणार असेल तर संत्र्याचा मुरंबा आधी पाठव. दोन बरण्या. एक सालीसकट, नेहमीसारखी कडू, ती माझी, आणि दुसरीत साखर जरा सढळ हातानं घाल, ती हिला.