बाबांनी कधीच न उघडलेली रायफल

हॅन्कॉक, मिशिगन
७ ऑगस्ट

ती. आर्वोदादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की माझ्या नवरोबाला, डेलला, वाटतं बहीणभावाचं भांडण जुंपलं. म्हणून लिहिते.

मी रायफल घेतली. हार्डवेअरच्या दुकानात होती त्यांतली सगळ्यात स्वस्त. एकेक गोळी बोल्ट ओढून भरायची, साधीच. दस्ता प्लास्टिकचा आणि आतून पोकळ, टिचकी मारली की बिस्किटांच्या रिकाम्या डब्यासारखा वाजतो. विकणारा म्हणाला, बाई, नळी चांगली आहे, बाकीचं तुम्ही घरी सुधारा.

कशाला घेतली ते सरळच सांगते. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडेल त्या सकाळी मला बाबांच्या जागेवर बसायचं आहे, देवदाराच्या दलदलीपाशी. गेला हिवाळाभर बाबा अंथरुणावर पडून मला ती जागा सांगत होते. बसायचा बुंधा कुठला, वारा कुठून येतो, थर्मास कुठल्या फांदीला टांगायचा. मला ती जागा पाठ आहे, फक्त मी ती पाहिलेली नाही. तीस वर्षं तुमच्या शिकारीच्या कॅम्पसाठी मांस-बटाट्याचं सारण भरून पास्ट्या भाजून पाठवते आहे, पण त्या खोपटाचं दार आतून कसं दिसतं ते मला ठाऊक नाही. बाबा एप्रिलमध्ये गेले. आता तूच थोरला, म्हणून तुला विचारते.

लाइलावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढला तर हवाच आहे.

तुझी,
हेल्मी


टपिओला
१५ ऑगस्ट

सौ. हेल्मीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लाइलाने मोठ्याने वाचून दाखवलं. प्लास्टिकच्या बंदुकीचा एक फायदा आहे, तळ्यात पडली तर तरंगेल. बाकी फायदे मला सुचले नाहीत.

आता गंभीरपणे. कॅम्पवर बायका नाहीत हा नियम मी केलेला नाही, बाबांनी केला. दुसरं, बाबांची रायफल ज्याच्या खांद्याला, बाबांची जागा त्याची, हे आम्ही अंत्यविधीनंतरच्या कॉफीवर ठरवलं, तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. रायफल माझ्याकडे आहे. माझे गुडघे दलदलीपर्यंत चालायचे नाहीत, म्हणून यंदा ती घेऊन जावई बसेल. ट्रॉय तसा सरळ मुलगा आहे, जरा बोलतो जास्त.

आणि सुधारणा कसल्या करतेस? बाबांनी ती अक्रोडाच्या दस्त्याची रायफल चाळीस वर्षांत एकदाही उघडली नाही. चांगल्या रायफलला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, असं म्हणायचे. आम्हालाही हात लावू दिला नाही. कॅम्पचा कायदा तुला माहीत आहे: हरणावरचा नेम चुकला की शर्टाची शेपटी, म्हणजे मागचा लोंबता घेर, कापायची, नाव घालून भिंतीला ठोकायची. माझ्या शेपट्यांची एक चादर होईल. बाबांचा तुकडा भिंतीवर एकही नाही. ह्याला म्हणतात रायफल.

पास्ट्यांत यंदा गाजर घालू नकोस. मागच्या वर्षी सगळे तोंडं वाकडी करून खात होते. माया ठेव, आणि ह्या पत्राचा राग धरू नकोस.

तुझा,
आर्वो


हॅन्कॉक
१२ सप्टेंबर

ती. आर्वोदादास,
सा. न. वि. वि.

राग धरला होता, पण कामात विसरले. गाजर घालणार.

दस्त्याचा पुढचा भाग इतका लेचापेचा होता की हातात धरला तरी नळीला टेकायचा, आणि टेकला की नेम हलतो. काठीला सँडपेपर गुंडाळून मी आतून तासत बसले, नळीखालून डॉलरची नोट सरसर सरकेपर्यंत. मग त्या पोकळीत बाणाच्या जुन्या दांड्या बसवून वर गोंद ओतला, आता तो वाकत नाही. दस्ता माझ्या हातांना लांब पडत होता, तो कापून मागे रबर लावलं. गाल टेकायला डेलच्या जुन्या बुटाचं कातडं. चापाला हात लावला नाही. जे कळत नाही ते कळत नाही.

ह्यानंतरचं लिहायला लाज वाटते, पण डेल कुणाला तरी सांगणारच. लोखंड दस्त्यात घट्ट बसावं म्हणून मध्ये दोन ट्यूबांतला, मिसळून लावायचा गोंद भरतात. त्याआधी लोखंडाला मेण लावायचं, म्हणजे गोंद त्याला धरत नाही आणि पुन्हा उघडता येतं. मेणाची डबी मी काढून ठेवली होती. ती होती तिथेच राहिली. सकाळी बघते तर रायफल आणि दस्ता एकजीव, आमच्या लग्नात पास्टरने सांगितलं होतं तसे.

डेल म्हणाला, फ्रीझरमध्ये ठेव, लोखंड आकसेल. दोन दिवस ती मटाराच्या पिशव्यांशेजारी झोपली. मग रबरी हातोडीचा एक ठोका, आणि सुटली. पुन्हा केलं, ह्या वेळी मेण लावून. आता छान बसली आहे. हस पोटभर, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाहीस.

आठवण ठेव, मी तर ठेवतेच.
हेल्मी


टपिओला
१९ सप्टेंबर

सौ. हेल्मीस,
अनेक आशीर्वाद.

हसलो. ट्रॉयला वाचून दाखवलं, त्याच्या नाकातून कॉफी आली. बाबा असते तर म्हणाले असते, ज्याला थांबता येत नाही त्याने गोंदाला हात लावू नये.

शनिवारी खडीच्या खाणीत नेम तपासायला जमतोय. तूही ये, तुझ्या मटाराच्या मैत्रिणीला घेऊन. नेम तपासायला यायला नियम आड येत नाही.

आर्वो


हॅन्कॉक
१ ऑक्टोबर

ती. आर्वोदादास,
सा. न. वि. वि.

खाणीतून येताना तू एक शब्द बोलला नाहीस, म्हणून मीच लिहिते. माझ्या गोळ्या कॉफीच्या पेल्याच्या झाकणाएवढ्या जागेत पडल्या ह्याचा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. पण बाबांच्या रायफलच्या गोळ्या कागदभर भटकताना पाहिल्या तेव्हा आनंद निम्मा झाला. ट्रॉय तुझ्या डोळ्यांना बोल लावत होता. मग त्याने स्वतः मारून पाहिलं, तर त्याच्याही गोळ्या तशाच भटकल्या.

दादा, दोष डोळ्यांचा नाही. अक्रोडाचं लाकूड ओल पिऊन फुगलंय, कडेला गंज दिसतोय. ती उघडायला हवी. बाबांचा शब्द मोडतो असं मनात आणू नकोस. ती रायफल मला नको आहे, पण तिला गंजताना बघवत नाही.

तू माझ्या शर्टाकडे बघत होतास. हो, बाबांचाच लाल चौकड्यांचा. बाह्या दुमडून घालते.

वहिनींना प्रेम. तुझ्यावरही आहे, तू मुका बसलास तरी.
हेल्मी


टपिओला
२६ ऑक्टोबर

सौ. हेल्मीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तीनदा फाडलं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण ट्रॉय तिथे होता, आणि तो गप्प बसणारा नाही, म्हणून मीच आधी लिहितो.

तू म्हणालीस तसे स्क्रू काढले. दस्ता हलेना. ठोकलं, ओढलं, लाइलाने बसून धरलं, ट्रॉयने ओढलं. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि ती फ्रीझरमध्ये ठेवली. काही नाही. शेवटी शनिवारी सौना, आपली वाफेच्या न्हाणीची खोली, तापवली, दगडांवर पाणी न टाकता, आणि तिला वरच्या फळीवर निजवली, जिथे बाबा बसायचे. तासाभराने गोंद मऊ पडला आणि ती उघडली.

गोंद, हेल्मी. तुझ्यासारखाच दोन ट्यूबांचा, पिवळा पडलेला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मेणाचा मागमूस नाही. आत लाकूड कोरलंय तेही वाकडंतिकडं, पटाशी घसरल्याच्या खुणा आहेत. आणि लोखंडाच्या खाली, जिथे कुणाची नजर पडणार नाही, तिथे लष्कराचा शिक्का. जुनी फौजी रायफल, तेव्हा चार पैशांना मिळायची तसली. बाबांनी ती स्वस्तात घेतली, घरी बसून सुधारली, आणि चिकटवून ठेवली. उघडली नाही, कारण उघडेनाच. आणि आपल्याला सांगितलं, चांगल्या रायफलला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

आधी हसू आलं. मग हिशेब केला. चाळीस वर्षं मी ते वाक्य लोकांना ऐकवत आलोय. माझ्या मुलीला, जावयाला, आणि ऑगस्टमध्ये तुला. कॅम्पवर बायका नाहीत हाही बाबांचाच नियम. त्याच्या आत काय चिकटलं होतं, ते विचारायला आता बाबा नाहीत. माझा अंदाज आहे की त्यांना स्वतःलाही तो उघडता येईना. नाहीतर गेला हिवाळाभर त्यांनी ती जागा तुला कशाला सांगितली असती? मला त्यांनी फांदीचं कधी सांगितलं नाही.

रायफल मी मेण लावून नीट बसवली. आता ती एका जागी मारते. ट्रॉय ती घेऊन रस्त्याकडच्या टेकाडावर बसेल, त्याला मी सांगितलंय. तो म्हणाला, मामंजी, मला तसाही त्या दलदलीचा कंटाळा होता. खोटं बोलला, पण चांगलं बोलला.

चौदा तारखेला दिवस मावळायच्या आत कॅम्पवर ये. खालचा पलंग तुझा. आणि हो, गाजरं चालतील.

आर्वो


हॅन्कॉक
२२ नोव्हेंबर

ती. आर्वोदादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. डेलने पहिला प्रश्न केला, शर्टाची शेपटी कुठे गेली? सांगितलं, पण त्याला पटत नाही की ही अभिमानाची गोष्ट आहे.

तुम्हा सगळ्यांसमोर मला नीट सांगता आलं नाही. बुंधा तिथेच होता. वाराही सांगितला होता तिथूनच येत होता. थर्मास फांदीला टांगला तेव्हा तिथे सालीवर घासून घासून खाच पडलेली दिसली, आणि मी अंधारात रडले. म्हणून हरीण आलं तेव्हा डोळे ओलेच होते. गोळी त्याच्या पाठीवरून गेली. रायफलचा काही दोष नाही, हे पुन्हा लिहून देते.

तू कात्री घेऊन आलास आणि शर्ट ओळखून थांबलास. मला वाटलं तू सोडून देशील. पण तू कापलास, आणि बरं केलंस. मला सूट नको होती. बाबांचा तुकडा भिंतीवर नव्हता, आता आहे. तू त्यावर माझं नाव घातलंस, त्यांची काही हरकत नसावी.

तुम्ही सगळे भांडी घासत होता तेव्हा मी ती भिंत नीट पाहिली. प्रत्येक तुकड्याला एकच खिळा आहे, तुझ्या तुकड्यांनासुद्धा. माझ्या तुकड्याला तू दोन ठोकलेस.

लोभ आहे तस्साच राहू दे, दादा, आणि त्याला मेण लावू नकोस.

तुझी,
हेल्मी