'चांदणी नाइट्स'चा अधिकृत इतिहास

५ जानेवारी, सकाळी
आजपासून पुस्तक. पक्कं. आमच्या 'चांदणी नाइट्स' ऑर्केस्ट्राचा इतिहास. दापोडी ते चाकण, गणपतीत आम्ही गाजवलं नाही असं मंडळ नसेल. निवेदक श्रीपाद, म्हणजे मी. बायको अरुंधती गायची. बाकीचेही होते. शो बिझनेस, संगीत, संकटातून उभारी, सगळं येणार. रोज दहा पानं.

८ जानेवारी
पानं शून्य. 'संकट' प्रकरण अडलंय. वडिलांच्या ओळखीने कंपनीत स्टोअर्सला लागलो, तिथूनच रिटायर. एकदा चिखलीत माइक बंद पडला होता. तेवढंच ताणावं लागणार.

११ जानेवारी
अरुंधतीच्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलं. डॉक्टर म्हणाले, गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे. बोलता येईल, गाण्याची खात्री नाही. रिक्षात मी धीर दिला, की लग्नानंतर तू गातेस कुठे एवढी!
मुलीचा, ऋताचा, बंगलोरहून फोन. आईचं गाणं तिने कधी ऐकलंच नाही, जुन्या टेपा शोधा म्हणाली. अगं, माळा भरलाय टेपांनी! बाप कोण आहे तुझा?

१३ जानेवारी
टेपरेकॉर्डर खंडूकडून दुरुस्त करून आणला. रेकॉर्डिंग फर्स्ट क्लास. काय आवाज होता माझा, बापरे! "आणि आता येत आहेत आपल्या लाडक्या..." टाळ्या. खट्. लगेच "वा, काय रंगलं गाणं!" पुन्हा मीच. मधलं गाणं गायब. सगळ्या टेपांत तेच.
मग आठवलं. टेप वाचवायला गाणं सुरू झालं की मीच बटण बंद करायचो. गाणी काय, दुकानात मिळायची. निवेदन ओरिजिनल. त्या वेळी निर्णय बरोबरच होता.
अरुंधती दारात उभी राहून ऐकत होती. चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली. चहा काही आला नाही.

१५ जानेवारी
थेरगावला उद्धवरावांकडे. आमचे ढोलकीवाले. म्हणाले, न्हाई राव, समद्या टेपा तुमीच नेल्या. वर म्हणाले, लोक वहिनींसाठीच यायचे. वयामुळे स्मरणशक्ती गेलीय बिचाऱ्यांची. पुस्तकात त्यांना एकच ओळ.

१९ जानेवारी, संध्याकाळी
नवा प्लॅन. मोबाइलवर आजच रेकॉर्डिंग. अरुंधती आधी नको म्हणाली. मग आपणहून साडी बदलून, केस विंचरून बसली.
निवेदनाशिवाय कार्यक्रम होत नाही. छोटंसंच केलं. मग ती गायली. अख्खं गाणं. संपल्यावर डोळे पुसले, म्हणाली, जमलं की हो!
समारोप करायला मोबाइल उचलला. जागा संपल्याचा मेसेज. रेकॉर्डिंग निवेदनातच थांबलेलं.
तिला बोललो नाही. उद्या सकाळी पुन्हा गायला सांगू. हाय काय अन् नाय काय.

२० जानेवारी
सात वाजता ॲडमिट. राहूनच गेलं.

२२ जानेवारी, सांगवी, हॉस्पिटल
ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र नुसती कुजबुज. डॉक्टर म्हणतात, वाट बघू. अरुंधतीने खुणेनेच विचारलं, ऋताला गाणं ऐकवलं का? मी मान हलवली. कशीही समजा.
ऋता कालच आली होती. तिला बाहेर बाकावर खरं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही. फक्त म्हणाली, बाबा, तुम्ही समोर होतात ना? निदान सांगा तरी, कशी गायली आई?
तोंड उघडलं. निवेदक माणूस, मला शब्दांची काय कमी! पण काही आठवेना. हिरवी साडी आठवते. ती गात होती तेव्हा मी समारोप जुळवत होतो.