फाटक्या छत्रीला दहापैकी सहा

प्रिय शकू,

गिरगावातून तुझ्या राधावहिनीचा आशीर्वाद. अक्षर आमच्या मधुराचं, म्हणजे नातीचं, बोलणं माझं. तिला बजावलंय, मी सांगेन तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. असं का बजावलं ते पुढे कळेल. कदाचित आत्ताच कळलं असेल आणि माटुंग्यात बसून तुला घाम फुटला असेल.

त्याचं असं झालं. मधुरा नववीत आहे. त्यांच्या मराठीच्या राजस सरांनी गृहपाठ दिलाय: घरातलं जुनं पत्र शोधा, त्यावर घरच्यांशी चर्चा करा आणि त्या पत्राला आपल्या मनाने उत्तर लिहा. दहा गुण. मी म्हटलं, लिहिणारा केव्हाच गेला, आता उत्तर पोचवणार कोण? तर म्हणे, आजी, ह्याला सर्जनशील लेखन म्हणतात. असेल बाई. मी माझ्या बाबांच्या पत्रांचा डबा काढून दिला. इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता.

तो बिस्किटांचा डबा आठवतो ना? सात पत्रं. मी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून चाळीत आले, तेव्हा तू शेजारच्या खोलीत, दोन वेण्या घालून नववीत जायचीस. मला अक्षरओळख नाही, आणि ह्यांच्यासमोर बाबांचं नाव काढायची सोय नव्हती, जेवणावरून उठायचे. म्हणून माझं पत्र तू लिहायचीस आणि बाबांचं तू वाचायचीस, दुपारी, गॅलरीत बसून. पोस्टमन जिन्यातच भेटला म्हणायचीस. गुडघे धरलेत म्हणून मुंबईला येववत नाही, ढवळ्या बैल थकला, तुला खांद्यावरून जत्रेला नेलं होतं ते आठवतं, असं बाबा लिहायचे. मी रडायचे, तू पाणी आणून द्यायचीस. कागदावर लाल रेघा कसल्या गं, विचारलं तर म्हणालीस, पोस्टाची खूण.

मधुराने पहिलं पत्र उघडलं. दोनच ओळी. तू आम्हाला मेलीस, पुन्हा पत्र घालू नकोस. मी म्हटलं, नीट वाच, गुडघ्यांचं कुठे आहे? मग तिने दुसरं उघडलं आणि हसतच सुटली. फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त. तिसरं, म्हाताऱ्या बैलाचे मनोगत. उरलेली सहाच्या सहा तुझ्या निबंधाच्या वहीतली पानं, वर तुझं नाव, इयत्ता नववी अ. छत्रीला दहापैकी सहा. मी दहा दिले असते. सरांच्या चर्चेच्या यादीत प्रश्न आहे, पत्र लिहिणाऱ्याच्या मनात काय असावं? आम्ही दोघी तासभर बसलो. छत्रीच्या मनात काय असणार?

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल चहात मीठ घातलं. तुझ्यावर चिडायला बसते तर हसू येतं. माझा बाप कोणता, दोन ओळींचा की गुडघेदुखीवाला? मी तर दुसऱ्याचंच श्राद्ध घालत आले. तू मला अक्षरं शिकवणार होतीस, अ-आ गिरवूनही घेतलंस, मग एकदम सोडून दिलंस. का ते आता कळलं, लबाडे.

पण एक गोष्ट हसण्यावारी जात नाही. दुसऱ्याच वर्षी बाबा गेले आणि माझा भाऊ बंडू सांगायला आला. शेवटपर्यंत त्यांनी तुझं नाव काढलं नाही, म्हणाला. मी तो डबा छातीशी धरला, त्याला खोटारडा म्हटलं आणि दार दाखवलं. तू तेव्हा दाराशीच उभी होतीस, शकू. वेणीचं टोक चावत. बंडू पुन्हा आला नाही. वडाळ्याला असतो. वडाळा काही लांब नाही, पण पन्नास वर्षं होऊन गेली.

म्हणून हे पत्र. रविवारी ये. आपण दोघी बंडूकडे जाऊ. माफी मी मागेन, खरं काय ते तू सांग. वाटलं तर थोडी माफी तूही माग. मधुराचा गृहपाठ अडलाय, उत्तर बाबांना लिहायचं की तुला, तिला कळत नाही, मलाही नाही. पण वडाळ्याला निघण्याआधी ते छत्रीचं पत्र एकदा मला वाचून दाखव, पहिल्यासारखं, गॅलरीत बसून. मधुराने दोनदा वाचलं, पण तिला नुसतं लिहिलेलंच वाचता येतं.

तुझीच,
राधावहिनी