आत माझी लेक हाय

२० जून १९४८, रविवार

पाळकसाहेब याही रविवारी आले नाहीत. सोलापूरहून येणाऱ्याला नाक्यावर अडवतात म्हणे. शाळेच्या खोलीत मीच वचन वाचलं, मीच प्रार्थना केली. माणसं मोजकीच, त्यातल्या निम्म्यांचं लक्ष दाराकडं. गाणं हळू म्हणा, असं शमुवेलनं हातानं खुणावलं. मंडळीतला तो मोठा माणूस, त्याचं ऐकावं लागतं. देवाचं गाणंही दबकत म्हणायचे दिवस आले.

मामंजी तेवढे मोठ्यानं म्हणाले.

घरी आले ती धुण्याला लागले. पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरा रुमाल. रोज. प्रभू येईल तेव्हा मळक्या कापडात सापडायचं नाही, हा सासऱ्यांचा नेम. आमचे हे होते तेव्हा हसून म्हणायचे, बाबांची कापडं वर जातील आणि धुणारी राहील खालीच. आता ते जाऊन किती तरी दिवस झाले. ओढ्याचं पाणी गढूळ, पांढरं पिवळंच निघतं. हात सोललेत.

२८ जून

शेजारच्या चांदभाईनं खाकी घातली. काल-परवापर्यंत लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजत होता. आता रझाकारात नाव दिलंय.

त्याची बायको रहीमा कुडापाशी आली. "बाई, नाव देत न्हाईस तर घर जाळतो म्हनले. काय करावं मानसानं?"

खाकी घालून तो बाहेर पडला तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला होता. भ्याला होता, खरं. पण नुसता भ्याला नव्हता. थोडा खूशही होता.

११ जुलै, रविवार

शमुवेलची दुभती शेळी दिवसाढवळ्या नेली. नेणाऱ्यांत चांदभाई होता. शमुवेलनं डोळ्यांनी पाहिलं. "दोरी त्यानंच सोडली, बाई. माज्याकडं बघत सोडली."

आज उपासनेनंतर ठरलं. आमची सगळी वस्ती सरहद्दीपलीकडं जाणार. गावातली बरीच घरं आधीच गेलीत, उमरग्याकडचे लोकही निघालेत. मी बोचकं बांधलं. भांडी, दोन लुगडी, यांचा फोटो, पवित्र शास्त्र.

मामंजी कट्ट्यावर बसलेले. उठेनात.

"मामंजी, चला. गाडी थांबलीय."

"कुठं जायाचं?"

"सोलापूरला. सगळे चाललेत."

"तो यायचा हाय आभाळातून. सोलापुरातून न्हाय."

शमुवेलनं हात धरून ओढलं, तरी नाही. शेवटी म्हणाला, तुम्ही तरी चला बाई. मी गाडीकडं पाहिलं, मामंजींकडं पाहिलं. बोचकं सोडलं. रागानंच सोडलं. प्रेमानं सोडलं असं लिहिता आलं असतं, पण तसं नव्हतं.

१९ जुलै

शाळा बंद. मुलंच नाहीत.

मामंजींचा दुसरा नेम असा की दिवस मावळायच्या आत घरोघर जाऊन म्हणायचं, आज माझ्याकडनं काय चुकलं असंल तर माफी करा. कोणाशी हिशेब बाकी ठेवून उद्यात जायचं नाही, कारण उद्या असेलच असं नाही. आता वस्तीत घरं रिकामी. उरली रहीमा आणि मी.

मामंजी तिच्या कुडापाशी गेले. ती गोंधळली. "बाबा, तुमी का माफी मागताव? मागायची आमी."

मग माझ्याकडं. "एस्तेर, काय चुकलं असंल तर माफ कर."

"केलं, मामंजी." मी तांदूळ निवडत होते. वर पाहिलं नाही.

२ ऑगस्ट

ज्वारी संपत आली. पेरणी झालेली नाही. मामंजींच्या मते पेरायचं कशाला, कापायच्या आधी तो येतोय. मला वाटतं, येईलही. पण तोवर दोन वेळ चूल पेटवावी लागतेच ना.

मलाही यावंसं वाटतं त्यानं. मामंजींसारखं नाही. मला फक्त यांना बघायचंय. कर्णा वाजला की मेलेले उठतील, यांना शोधून विचारायचंय, बाबांना माझ्या गळ्यात टाकून तुम्ही कसे हो गेलात. बस. पुढचं वैभव कोणी का बघेना.

दमले.

१४ ऑगस्ट

मला ताप. रहीमानं भाकरी आणून दिल्या. मामंजींनी आज मळकंच धोतर नेसलं. ते बघून जास्त वाईट वाटलं.

१४ सप्टेंबर

दुपारी आभाळात मोठा आवाज. घरघर, मग गडगड. खिडकीतून पाहते तर मामंजी उठून उभे. रुमाल नीट केला. काठी टाकून दिली, आता काठीचं काय काम अशी. दोन्ही हात वर. तोंडावर असं काही होतं की मी हाकच मारू शकले नाही. मीही खिडकीतून वर पाहिलं. खरंच का? आज?

मग ते दिसलं. दोन पंख, चकाकतं, सरळ रेघेत पूर्वेकडं गेलं.

मी बाहेर गेले. "विमान होतं, मामंजी. हिंदुस्थानची फौज आलीय म्हणतात, सोलापूरच्या रस्त्यानं."

ते बराच वेळ वर बघत राहिले. हात खाली घेतले. मी काठी उचलून दिली.

"असू दे," म्हणाले. "बसतो परत."

१९ सप्टेंबर, रविवार

निजामानं शरणागती पत्करली. गावात तिरंगा, गुलाल, ढोल. लोक परत येताहेत. शमुवेलचं कुटुंबही आलं. शाळेच्या खोलीत गाणं मोठ्यानं म्हटलं. शमुवेल तर लहान मुलासारखा रडला.

चांदभाई परवापासून नाही. खाकी आडात सापडली.

बाहेरची माणसं गावात फिरताहेत. कुठली, कोणाला ठाऊक नाही. माकणीकडं मुसलमानांच्या घरांचं काय काय झालं ते ऐकलं. इथं लिहीत नाही.

२१ सप्टेंबर

सकाळी चुलीपुढं होते. मागच्या दारानं रहीमा आत आली, कडेवर तिची नूर. पोर एवढी मोठी झालीय, तरी कडेवर. रहीमाच्या पायात काही नाही.

"बाई, पलीकडच्या गल्लीतली घरं पेटवली. आता हिकडं यायलेत. मला न्हाय, हिला तरी ठेवा."

मी पहिल्यांदा काय केलं असेल तर मामंजींकडं पाहिलं. त्यांनी नको म्हणावं, असं एका मनाला वाटत होतं. म्हणजे मला नको म्हणावं लागलं नसतं. हे मी देवापुढं कबूल केलंय, इथंही लिहिते.

मामंजी म्हणाले, "दार लाव." बस, एवढंच.

तिला माझं लुगडं दिलं. कुंकू आमच्यात नाहीच, म्हणून कपाळाचा प्रश्न आला नाही.

२२ सप्टेंबर

दुपारी आले. आठ-दहाजण असतील. हातात काठ्या, एकाकडं तलवार. आम्ही तिघी आत, नूरचं तोंड माझ्या पदरात. मामंजी नेहमीसारखे बाहेर कट्ट्यावर. बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"ए बाबा, आत कोन हाय?"

मामंजी गप्प. मला कळलं ते का गप्प आहेत. हा माणूस जन्मात खोटं बोललेला नाही. स्वतःचा मुलगा मरणाला टेकला होता तेव्हा त्याला बरा होशील म्हणाला नाही. खोटं बोलणारे देवाच्या नगरीच्या वेशीबाहेर राहतील, हे त्यांनी मला हजार वेळा सांगितलंय. मी मनात म्हटलं, संपलं.

"काय रं, बहिरा हायस का? कोन हाय आत?"

"सून हाय," मामंजी म्हणाले. मग थांबले. "आत माझी लेक हाय. नात हाय."

"ह्याला लेक कवा झाली?" कोणी तरी आमच्या गावातलंच असावं.

दुसरा हसला. "सोड रं, येडं हाय ते. देव यायची वाट बघत बसतंय."

गेले. रहीमाच्या घराची कौलं फोडल्याचा आवाज आला, मग तेही थांबलं. नूरनं मला चावलं होतं हातावर, ते नंतर कळलं.

२३ सप्टेंबर

मामंजी जेवले नाहीत. कट्ट्यावरही बसले नाहीत. आत भिंतीकडं तोंड करून.

"मामंजी, दोन जीव वाचले."

"व्हय."

"मग?"

"त्यो आता आला तर काय सांगू? सत्तर वरसं जपलं, एस्तेर. तोंड जपलं."

मी शास्त्रातले दाखले दिले. खोटं बोलून हेर लपवणारी बाई सांगितली, राजाशी खोटं बोलून पोरं वाचवणाऱ्या सुइणी सांगितल्या. शाळेत मुलांना देते तसं समजावून. ते ऐकत होते. मग म्हणाले, "त्यांचं त्यांना ठावं. मी माझं विचारतोय."

संध्याकाळी माफी मागायला कुठं गेले नाहीत. माझ्यापाशीही नाही. मला चुकल्यासारखं झालं.

३ ऑक्टोबर, रविवार

शमुवेलला कळलं. उपासना झाल्यावर माझ्या मागं घरी आला. नूर अंगणात दोरीची गाठ मारत बसली होती. तिच्याकडं बघत म्हणाला, "चांदची पोर न्हवं ही?"

"हो."

"माजी शेळी..." म्हणाला. जाताना पायरीवर उभा राहिला. "चांद आला तर मी सोडणार न्हाय, बाई. सांगून ठेवतो." पण गावात त्यानं कोणाला सांगितलेलं नाही. आज हे जमलं, उद्याचं माहीत नाही.

चांदभाई जिवंत आहे की नाही, रहीमाला ठाऊक नाही. मला त्याची कीव येत नाही. तिची येते. दोन्ही एका चुलीवर शिजवावं लागतं.

१० ऑक्टोबर, रविवार

पाळकसाहेब अखेर आले. किती दिवसांनी प्रभुभोजन. भाकर हातात आली तेव्हा मामंजींनी घेतली नाही. सगळ्यांनी पाहिलं.

नंतर पाळकसाहेब त्यांच्याजवळ बसले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाबा, त्याची कृपा मोठी आहे."

मामंजी म्हणाले, "कृपा हाय ते मला ठावं हाय. मी खोटं बोललो का न्हाय, तेवढं सांगा."

पाळकसाहेब चष्मा पुसत राहिले. चांगला माणूस आहे. उगाच काही बोलून समजूत घातली नाही.

१३ ऑक्टोबर

आज मामंजी उठून अंगणात आले. नूरला म्हणाले, "आज्याची काठी दे." तिनं दिली. मग रहीमाला हाक मारली, "लेकी, पानी आण." दिवसभर तेच. लेकी हे कर, लेकी ते कर. रहीमाला बरं वाटतंय. मला दुपारी कळलं ते काय करताहेत. बोलून गेलेत ते खरं करायला निघालेत.

रात्री नीट जेवले. उद्या ज्वारी पेरायची असेल तर शमुवेलकडनं औत आण, म्हणाले. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. पेरायची? तुम्ही म्हणताय? "त्या दोघी खातील की," म्हणाले.

१६ ऑक्टोबर

कालच ज्वारी पेरून झाली. आज रहीमाच्या भावाचा निरोप आला, गुलबर्ग्याकडनं. तिकडं शांत आहे. गाडी घेऊन येतो, तयार रहा.

रहीमा हसली, रडली, मला मिठी मारली. जायला हवंच तिनं. इथं घर उरलेलं नाही, आणि लोकांच्या नजरा... जायला हवं.

मामंजींना सांगितलं. "जाती व्हय?" एवढंच म्हणाले. पुन्हा भिंतीकडं.

१७ ऑक्टोबर, रविवार

भाऊ आला. भला माणूस दिसतो, फार बोलत नाही. दुपारीच निघायचं होतं, पण एक बैल लंगडत होता, म्हणून आज मुक्काम. उजाडताच निघतील.

मी मामंजींजवळ बसले. म्हटलं, "मामंजी, लेक सासरी जाते, भावाकडं जाते, तरी लेकच राहते ना? मी तर आईबाप सोडून तुमच्या घरी आले. त्यांची लेक नाही का मी?"

त्यांनी ऐकलं. चेहरा थोडा सैल झाला, मला वाटलं जमलं. मग म्हणाले, "लेक जाती. पण माघारी येती. सणाला येती, दुखलं-खुपलं तर येती. ही येईल का?"

मी उठले. रहीमा ओसरीवर नूरचे केस विंचरत होती. तिला यातलं काहीच माहीत नाही. तिच्यापुरतं बाबांनी जीव वाचवला, एवढंच. तिला सांगावं का, की त्या जिवाच्या बदल्यात एक म्हातारा वाट बघायचा कट्टा सोडून आत येऊन बसलाय? आणि सांगितलं तर ती येईन म्हणेलच. उपकारापोटी म्हणेल. ते मामंजींना कळेल. सत्तर वर्षं खरं ऐकलेला कान आहे तो.

न सांगता, आपणहून म्हणाली तरच उपयोग. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. फणी हातात घेतली. नूरची दुसरी वेणी मी घालायला लागले.

"बाई," रहीमा म्हणाली, "पेरलेली ज्वारी काढायला कवा येती?"

"माघात," मी म्हटलं.

ती बोटांवर महिने मोजू लागली. मी विचारलं नाही. वेणी घालत राहिले.