मार्कची ऑडिशन

मंगळवार, अल्फारेटा (अमेरिका)

आज मार्क ऑडिशनला आला. हो, तोच! नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी “तुझ्या भारतीय उच्चारांना लोक हसतील” म्हणत माझा लीड रोल काढून घेणारा दिग्दर्शक. आता म्हातारा झालाय, अभिनयाची फुटकळ कामं मागत फिरतो. आणि या सिनेमात लीड मी!

सीन त्याने माझ्यासोबत वाचला. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला होता त्याने. दया यायला हवी होती का? नाही आली.

आमच्या डायरेक्टरने हळूच विचारलं, “मेधा, चालेल हा?”

“नको. दुसरा बघ.”

कोट घालून तो निघाला. दारात थांबून म्हणाला, “आपण आधी कुठे भेटलोय का?”

म्हणजे मी आठवतही नाही याला! सांगणारच होते. पण गोड हसून म्हटलं, “नाही हो.”

बसू दे आठवत.